अढीचा पहिला थर

हिप्परवाडीच्या वैजनाथरावाला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि ती गोष्ट खोटी होती. ती खोटी आहे हे त्याला स्वतःला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तो तिच्याबद्दल जरा जास्तच बोलायचा.

ती गोष्ट म्हणजे त्याच्या अढीचा आंबा. औशाच्या रस्त्याला लागून त्याची आमराई, आमराईत आखाडा, म्हणजे शेतातली गोठ्या-खोलीची जागा, आणि आखाड्यावर पत्र्याचं लांब शेड. त्या शेडमध्ये वाळल्या गवताचा एक थर, त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा गवत, पुन्हा आंबे, अशी रास लावून आंबा आपल्या उबेनं पिकू द्यायचा, याला अढी म्हणतात. वैजनाथच्या खोक्यांवर मोठ्या लाल अक्षरांत छापलेलं असायचं, 'गवती अढीचा आंबा'. लातूरपासून नांदेडपर्यंत माणसं ती अक्षरं बघून खोकी उचलायची.

पण झाडाला कॅलेंडर वाचता येत नाही. आपल्याकडं अक्षयतृतीयेला, गावच्या बोलीत आखितीला, पितरांना आंबा दाखवल्याशिवाय घरात कुणी आंबा तोंडाला लावत नाही. गावरान आंबा तर त्याच्या सवडीनं पिकणार. पितरं वाट बघतात, गिऱ्हाईक बघत नाही. मग वैजनाथनं तेच केलं जे बाजारात पुष्कळजण चोरून करतात. वेल्डिंगवाल्याच्या नावानं तो कॅल्शियम कार्बाइडचे डबे आणायला लागला. गावात त्याला कारबेट म्हणतात. राखाडी खडे असतात. त्याच्या पुड्या करून आंब्यांत ठेवल्या की हवेतल्या दमटपणानंच त्यातून गॅस सुटतो आणि आंबा वरून पिवळाधमक होतो. आतून तो आंबटढाण राहिला तरी पितरं काही तक्रार करत नाहीत. आंबा असा पिकवायला कायद्यानं बंदी आहे, हे वैजनाथला माहीत होतं आणि डबे आणून देणाऱ्यालाही माहीत होतं.

इथपर्यंत ठीक, म्हणजे ठीक नाहीच, पण असले उद्योग करणारा तो काही एकटा नव्हता. त्याचं खरं पाप वेगळंच होतं.

गावात ज्ञानोबा नावाचा म्हातारा होता. भीमनगरात राहायचा. जवानीपासून त्यानं वैजनाथच्या वडिलांच्या आमराईत अढी लावली होती. बाबासाहेबांची दीक्षा घेतलेलं घर, त्याच्या घरी आखितीला पितरं जेवायला येत नसत, पण त्याच्या हातचा आंबा गावातल्या सगळ्या घरांच्या पितरांना लागायचा. कुणी त्यात काही विटाळ काढला नाही. आंबा गोड होता ना. पुढं ज्ञानोबाचे गुडघे गेले, नजर अधू झाली आणि अढीचं काम सुटलं. काम सुटलं तरी वैजनाथनं त्याचं नाव सोडलं नाही. दरसाल पहिला आंबा उतरला की तो स्वतः मोटारसायकल घेऊन भीमनगरात जायचा, ज्ञानोबाला मागं बसवून आखाड्यावर आणायचा, आणि अढीचा पहिला थर त्याच्या हातनं लावून घ्यायचा. ज्ञानोबा बसून सरकत सरकत गवत पसरायचा, बोटांनी चाचपायचा, एकेक आंबा देठ वर करून ठेवायचा. वैजनाथ त्याचा फोटो काढायचा आणि गिऱ्हाइकांना पाठवायचा. मग सिंधु, वैजनाथची बायको, त्याला चहा द्यायची, वैजनाथ त्याला घरी सोडून यायचा आणि परत येऊन त्याच थरात कारबेटच्या पुड्या खोचायचा.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ज्ञानोबाला. त्याला कुणी सांगितलं नाही, कारण म्हातारा त्या एका दिवसावर वर्षभर खूश असायचा. आणि ठाऊक नव्हतं ते त्याच्या लेकीला, महामायेला. ती अग्निशमन दलात भरती होऊन तालुक्याच्या बंबावर लागली होती आणि गावात फारशी नसायची.

यंदा आखितीच्या आदल्या दिवशी वैजनाथची विहीण पारूबाई मुखेडहून एसटीनं आली. वैजनाथची लेक वर्षाराणी तिच्या घरी दिलेली. पाव्हणी आली म्हटल्यावर वैजनाथला चेव चढला. आंब्याखाली बाज टाकून तो तिला अढीचं पुराण सांगत बसला.

"ईनबाई, औषध-बिवषद आपल्याकडं चालत न्हाई. पितराच्या ताटात ईख कोन वाढंल?"

"हाव, खरं हाय," पारूबाई म्हणाली आणि पदरानं वारा घेत राहिली.

तेवढ्यात सिंधु ओरडली. शेजारच्या वावरात कुणीतरी धुरा, म्हणजे बांधावरचं वाळलं गवत, पेटवला होता. वारं फिरलं, ठिणगी आली आणि शेडच्या पुढच्या अंगाला रचलेल्या गवताच्या गंजीनं पेट घेतला. बघता बघता धूर पत्र्याखाली शिरला. गाव धावत आलं. कुणी घागरी आणल्या, कुणी बादल्या. हणमंतराव, ज्याच्या नव्या घराचं बांधकाम आखाड्याला लागूनच चाललं होतं, तो मोटार चालू करायला विहिरीकडं पळाला. पण लाइट गेलेली होती. हणमंतरावानं महावितरणचा उद्धार केला आणि बंबाला फोन लावला. लाइट असती तर त्या दुपारी काय झालं असतं, याचा विचार त्यानं अजून पुरता केलेला नाही.

वैजनाथ मात्र बाजेजवळच उभा होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. शेडच्या मागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, कारबेटचे डबे होते. एक डबा त्यानं त्याच सकाळी फोडला होता आणि झाकण नुसतंच वर ठेवलं होतं. कारबेटवर पाणी पडलं की काय होतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. रानडुकरं हाकलायला गावातली माणसं पाइपाची बंदूक करतात, त्यात कारबेटचा खडा टाकून पाण्याचे थेंब सोडतात आणि काडी लावतात. आवाज शिवारभर जातो. ते एका खड्याचं काम. इथं डबे होते.

सांगायला हवं होतं. 'पाणी मारू नका, आत कारबेट आहे,' एवढंच. पण पारूबाई शेजारीच उभी होती. तिच्यासमोर आत्ताच विषाच्या आणि पितरांच्या गप्पा मारून झाल्या होत्या. सगळं गाव जमलं होतं. वैजनाथ मनाशी म्हणाला, आग पुढं आहे, डबे मागं आहेत, मध्ये अर्धी भिंत आहे, पाणी तिथवर जाईलच कशाला? माणसाला लाज लपवायची असली की त्याला हिशोब फार लवकर सुचतात.

बंब आला. तोंडावर काच असलेलं हेल्मेट आणि जाड कोट घातलेली महामाया पुढच्या सीटवरून उतरली. गाडी तिच्या हाताखाली होती. गावाची पोर बघून बायकांचा जीव भांड्यात पडला. तिनं माणसांना मागं सारलं, वाऱ्याची दिशा बघितली, प्रेमला, म्हणजे तिच्या जोडीदाराला, पाइप उलगडायला सांगितला आणि सरळ वैजनाथकडं आली. तो लटलट कापत होता. तिनं हेल्मेटची काच वर केली, उजव्या हाताचा मोजा काढला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, घाबरू नका. आत कोन हाय का?"

पूर्वी ती त्याला मालक म्हणायची. आता काका म्हणत होती. एवढ्या गडबडीतही वैजनाथला ते टोचलं, आणि टोचलं याचीच पुढं त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटणार होती.

"न्हाई. कोन न्हाई."

"आत काय काय हाय? गॅसची टाकी? डिझेल?"

"न्हाई गं. आंबे हायत. अढी हाय."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "बाबांनी लावलेली?"

वैजनाथच्या मागं पारूबाई होती, समोर ज्ञानोबाची लेक होती. अढी खोटी आहे हे साऱ्या दुनियेला सांगणं एक वेळ जमलं असतं, पण हिला कसं सांगायचं? ज्याला आपण मोटारसायकलवर बसवून आणतो आणि चहा पाजून परत पाठवतो, त्याच्या पोरीपुढं मान खाली घालायची? त्याच्या मनात हे असंच आलं, याच शब्दांत.

"हाव," तो म्हणाला. "ग्यानबानंच लावलीय."

"मंग गवतच हाय," ती म्हणाली आणि वळून ओरडली, "प्रेम, पाणी सोड!"

दुसऱ्या कुणाचं शेड असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता. आंब्याच्या वखारीला आग लागली की तो प्रश्न विचारायचाच असतो. पण ही तिच्या बापाची अढी होती. लहानपणी ती त्याच गवतात झोपली होती. त्यात काय असतं हे तिला दुसऱ्यानं सांगायची गरज वाटली नाही.

पाण्याचा फवारा पत्र्यावर आदळला. पुढचं गवत विझायला लागलं, पांढरा धूर उठला, माणसांनी टाळ्या वाजवल्या. प्रेम पाइप धरून दारातून आत सरकला. वैजनाथला क्षणभर वाटलं, सुटलो. आणि मग वारा जरा पडला आणि वास आला.

लसणासारखा वास. जळल्या गवताचा नाही, पिकल्या आंब्याचा नाही. महामायेनं मान वर केली. बापाच्या अढीत तिनं असा वास कधीच घेतला नव्हता, पण ट्रेनिंगमध्ये घेतला होता.

"पाणी बंद!" ती किंचाळली. "गाडीवरनं बंद कर! पाणी बंद!" आणि वैजनाथकडं वळून, "काका, कारबेट हाय का आत?"

वैजनाथचं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. खरंच निघाला नाही, असं तो नंतर सगळ्यांना सांगत होता, आणि ते खरंही असेल. पण सिंधुचा निघाला.

"हाय गं पोरी! मागच्या कोपऱ्याला डबे हायत! पाणी नगं, पाणी नगं!"

गाडीवरचं पाणी बंद झालं. पण जमिनीवर सांडलेलं पाणी काही कुणाचं ऐकत नाही. शेडच्या फरशीला मागच्या बाजूला उतार होता. प्रेम आत होता, आगीच्या आवाजात आणि हेल्मेटमध्ये त्याला काहीच ऐकू गेलं नाही, पाणी का बंद झालं म्हणून तो पाइप हलवून बघत होता. महामाया आत धावली. काच वर होती, उजव्या हातात मोजा नव्हता. तो मोजा अजून वैजनाथच्या पायाशी पडलेला होता. तिनं प्रेमच्या कोटाला मागून धरून ओढलं आणि दोघं दारातून बाहेर पडत असतानाच मागचा कोपरा फुटला.

आवाजापेक्षा उजेड जास्त होता. पत्रे वर उडाले आणि खाली आदळले. माणसं पळत सुटली. धुळीतून प्रेम उठून बसला. महामाया गुडघ्यांवर होती. उजवा हात तिनं छातीशी धरला होता आणि त्या बाजूचा गाल लालभडक झाला होता.

एक बाई घागर घेऊन धावली. महामायेनं डाव्या हातानं तिला थांबवलं. "आधी झटका. कोरड्या फडक्यानं. अंगावर भुकटी हाय, त्येच्यावर पाणी नगं." सिंधुनं आपल्या पदरानं तिचा कोट, मान, हात झटकला. दूर नेऊन, सगळं झटकून झाल्यावरच हातावर पाणी धरलं. दात ओठावर रोवून ती पोर बसली होती आणि तिथूनच सांगत होती. सगळे वाऱ्याच्या वरच्या अंगाला या. कुणी ट्रॅक्टर चालू करायचा नाही. कुणी बिडी पेटवायची नाही. मागचे बाकीचे डबे अजून शाबूत आहेत, त्यांच्याकडं पाण्याचा थेंब जाता कामा नये, कोरडी माती आणा.

गाव पुन्हा धावलं. गावाला आता काहीतरी करायचंच होतं. घमेल्यांनी माती आली, काळीभोर. महामायेला हात घालून बघायचं होतं, पण एक हात भाजलेला आणि दुसरा ओला होता.

"काकू, बोटं घालून बघा. ओली हाय का?"

सिंधुनं बघितलं. शेजारच्या उसाला कालच पाणी दिलेलं होतं. माती वरून कोरडी दिसत होती, आतून गार होती. "ओली हाय गं."

"मंग मागं न्या. एक मूठ बी टाकू नका. कुणाकडं सिमेंट हाय का?"

हणमंतरावाच्या बांधकामावरची वाळू पाणी मारून ओली होती, पण सिमेंटच्या गोण्या खोलीत कोरड्या होत्या. त्या आल्या. प्रेमनं काच खाली ओढली आणि गाडीतले पावडरचे सिलिंडर जळत्या खड्यांवर रिकामे केले. मग त्यानं आणि ड्रायव्हरनं गोण्या फोडून वर सिमेंट पसरलं, पाणी आणि डबे यांच्यामध्ये कोरड्या सिमेंटचा बांध घातला. बाकी शेड त्यांनी तसंच जळू दिलं. तोवर लातूरहून दुसरी गाडी आणि अँब्युलन्स आली होती. शेड जळालं, आंबा जळाला, उरलेले डबे जसेच्या तसे राहिले.

अँब्युलन्स गेल्यावर माणसं आंब्याखाली जमली. वैजनाथ वाट बघत होता. आता पारूबाई बोलणार, आता गाव तोंडात शेण घालणार. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटत होतं. पारूबाईनं पदर सावरला.

"कारबेट हाय म्हून आधी सांगायचं न्हाई व्हय, भाऊ?" ती हळूच म्हणाली. "त्यात काय येवढं? मुखेडात बी तेच टाकत्यात. वर्षानं मला लग्नातच सांगितलेलं, आमच्या आबांचा आंबा बी कारबेटचाच म्हून."

वैजनाथनं हणमंतरावाकडं बघितलं. हणमंतरावानं जमिनीकडं बघितलं. सगळेच जमिनीकडं बघायला लागले. सगळ्यांना माहीत होतं. महामाया विचारत होती तेव्हा सगळे तिथंच उभे होते, सगळ्यांना माहीत होतं, आणि पाव्हणीसमोर माणसाची अब्रू कशाला काढा म्हणून सगळे गप्प होते. जी लाज वाचवायला त्यानं त्या पोरीला आगीत जाऊ दिलं, ती लाज कधीची गेलेलीच होती. तिला राखत बसलेला तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी आखिती. घरोघरी मातीच्या केळीत, म्हणजे पितरांच्या घागरीत, पाणी भरलं गेलं. वैजनाथच्या घरी सिंधुनं चूल पेटवली नाही. "पितरं ऱ्हाऊ देत आज," ती म्हणाली. "दवाखान्यात चला." वैजनाथला पोलिसांनी दुपारनंतर बोलावलं होतं. त्याला त्याची भीती वाटत नव्हती. पोलिसांसमोर काय बोलायचं ते माणसाला ठरवता येतं.

लातूरच्या दवाखान्यात महामाया खाटेवर टेकून बसली होती. हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत, अर्धा चेहरा मलमानं पांढरा. डोळा वाचला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोटांचं अजून सांगता येत नव्हतं. वैजनाथ दाराशीच थबकला. सिंधु जाऊन पायाशी बसली आणि रडायला लागली.

"रडू नका काकू," महामाया म्हणाली. "तुम्ही बोललाव म्हून प्रेम वाचला."

मग तिनं वैजनाथकडं बघितलं. त्यानं हात जोडले.

"पोरी, माझं लई चुकलं. तू मला काय बी म्हन."

"मी काय म्हनू?" तिचा आवाज शांत होता, आणि शांत होता म्हणूनच ऐकवेना. "कारबेट हाय का, ह्यो सवाल मी कुणाला बी इचारते. तुम्हालाच न्हाई इचारला. बाबांची अढी म्हनल्यावर मला वाटलं, काय इचारायचं त्यात. बाबांना मी काय सांगितलेलं न्हाई. शेडला आग लागली, पत्रा उडाला, येवढंच. बाकीचं मी का सांगू? तुम्ही सांगा."

वैजनाथ बाहेर आला. व्हरांड्यात भिंतीला टेकून ज्ञानोबा बसला होता. कुणीतरी दिलेला चहाचा कप शेजारी तसाच गार झाला होता. खांद्यावरचा टॉवेल त्यानं मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हात त्याखाली लपवले होते. मालक आले म्हणून तो उठायला लागला. गुडघे उठू देईनात.

"बस बस, ग्यानबा."

वैजनाथ त्याच्याजवळ खाली बसला. शब्द जुळवत होता. त्याच्या आधी म्हाताराच बोलला, खाली मान घालून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"मालक, माजंच चुकलं."

"काय?"

"गवत ओलं ऱ्हायलं असंल. ओल्या गवताची अढी लागली की आतून तापती. माजा बा सांगायचा, तापलेली अढी पेटती म्हून. मी बोटं घालून बघितलं व्हतं. रातभर त्येच आठवून राहिलो. पर बोटास्नी आता वल-कोरडं कळत न्हाई, मालक. मला तवाच सांगाय पायजे व्हतं, मला कळत न्हाई म्हून. लाज वाटली. म्हनलं, ह्येबी सांगितलं तर पुढच्या साली मालक बोलवनार न्हाईत. तुमचं शेड गेलं. माजी पोर जळाली. म्या माज्या हातानं जाळली तिला."

टॉवेलाखाली त्याचे हात एकमेकांत गुंतले आणि सुटले.

वैजनाथ ऐकत होता, आणि त्याच्या आत, अगदी खाली कुठंतरी, एक गोष्ट हलली. ती त्याला तेव्हाच कळली आणि तिची शिसारीही तेव्हाच आली. म्हातारा स्वतःहून सगळं अंगावर घेत होता. नुसतं गप्प बसायचं होतं. 'जाऊ दे ग्यानबा, व्हायचं ते झालं,' एवढं म्हणून खांद्यावर हात ठेवायचा होता. ज्ञानोबानं उलट त्याचे पाय धरले असते. पोरीनं 'तुम्ही सांगा' म्हटलं होतं खरं, पण किती सांगायचं ते कुठं म्हणाली होती? कालच्यासारखेच हिशोब आजही भराभर सुचत होते.

समोरून नर्स गेली. सिंधु दारात येऊन उभी राहिली होती. काल तिनं बोलून झालं होतं, आज ती त्याच्यासाठी बोलणार नव्हती.

"गवत कोरडं व्हतं, ग्यानबा," वैजनाथ म्हणाला.

"न्हाई मालक, तुम्ही माजं मन राखायला..."

"कोरडं व्हतं. अढीनं आग लागली न्हाई. धुऱ्याची ठिणगी आली. आन् पोर गवतानं जळली न्हाई." बोलणं आता थांबेना. "शेडात कारबेट व्हतं. त्येच्यावर पाणी पडून भडका झाला. मीच आणून ठिवलेलं. तिनं मला इचारलं, आत काय हाय, मी सांगितलं, ग्यानबानं लावलेली अढी हाय. तुझं नाव सांगितलं म्हून तिनं पाणी मारलं."

ज्ञानोबा त्याच्याकडं बघत राहिला. अधू डोळे, नीट दिसत तरी होतं की नाही कोण जाणे.

"कारबेट कशाला?"

"आंबा पिकवायला."

"यंदाच?"

वैजनाथनं मान हलवली. मग म्हाताऱ्याला मान हलवलेली दिसली नसेल असं वाटून त्यानं तोंडानं सांगितलं. "न्हाई. तुझे गुडघे गेले तवापसून. दरसाली. तुला घरी सोडून आलो की त्येच थरात पुड्या घालीत व्हतो."

व्हरांड्यात माणसं येत जात होती. कुणाच्या तरी डब्यातून आमरसाचा वास येत होता. सण होता ना. वैजनाथला वाटलं, आता ज्ञानोबा शिवी देईल. द्यावीच, असंही वाटलं. शिवी खाऊन माणूस थोडा तरी हलका होतो. पण म्हाताऱ्यानं शिवी दिली नाही. तो काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, आणि ते त्याला समजत नव्हतं.

"कारबेटच घालायचं व्हतं," तो शेवटी म्हणाला, "तर मला दरसाली कशाला बोलवत व्हता, वैजनाथ?"

मालक म्हणाला नाही. आवाज चढवला नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि तो उत्तराची वाट बघत होता.

वैजनाथला ते लाल अक्षरांचं खोकं आठवलं. दरसालचे ते फोटो आठवले, गवतावर वाकलेला म्हातारा, देठ वर करून ठेवलेला आंबा.

ज्ञानोबानं मांडीवरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. लपवलेले दोन्ही हात बाहेर आले, सुरकुतलेले, स्वच्छ. ते त्यानं गुडघ्यांवर उघडेच ठेवले आणि तो लेकीच्या दाराकडं तोंड करून बसला. शेजारी बसलेल्या वैजनाथला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना.